सेव्हिलला कोण हरवलं

"चला, सुटली गाडी!" म्हणत हिंदुरावानं सेव्हिल स्टेशनच्या लोखंडी खांबावर नाण्यानं दोनदा टणटण वाजवलं, आणि मी शहाण्यासारखा खरंच चालायला लागलो.

एक गोरी म्हातारी वळून बघायला लागली. हिंदुरावानं तिला वाकून नमस्कार घातला.

"बघ, इथंबी आपला वट हाय," तो म्हणाला.

हसू नका. कराड डेपोत वीस-बावीस वर्षं मी ड्रायव्हर आणि हिंदुराव थोरवडे माझा कंडक्टर. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे हाण. मागं किती चढले, कोण उतरायचं राहिलं, कुणाची कोंबडी सीटखाली घुसली, हे ड्रायव्हरनं बघायचं नाही. मागचं सगळं कंडक्टरचं, मला फक्त समोरचा रस्ता. ती सवय इतकी हाडात मुरली होती की लक्ष्मीरोडला खरेदीला गेलो तरी हिंदुराव बरोबर असला की मी मागं वळून बघत नसे. त्यामुळं माद्रिदहून निघताना मी माझा पासपोर्ट, परतीची तिकिटं, हॉटेलचा कागद, सगळं त्याच्या हवाली करून टाकलं. ड्युटीवर असायची तसलीच एक चामड्याची पिशवी त्यानं निवृत्त झाल्यावर हौसेनं शिवून घेतली होती. सगळं त्या पिशवीत गेलं.

माद्रिदला माझा मुलगा सुजित कंपनीच्या कामासाठी राहत होता. त्यानंच आम्हा दोघांना बोलावलं होतं. पोरगं गुणाचं, त्याला नावं ठेवायला जागा नाही. पण त्याचं एक टुमणं चालू होतं: बाबा, मलकापूरचं घर विका आणि पुण्याला आमच्या फ्लॅटवर राहायला या. त्याचंही चूक नव्हतं म्हणा. आदल्या दिवाळीत मी न्हाणीत घसरून पडलो आणि सकाळी दूधवाला हाका मारीपर्यंत तिथंच पडून होतो. पण ते घर मी माझ्या पगारातून बांधलेलं. महाल नव्हता, तीन खोल्या आणि पुढं ओटा. माझी बायको कुसुम त्याच घरात गेली. सकाळी ओट्यावर चहा घेत बसलं की हायवेवरची गाडी आवाजावरून कुठल्या डेपोची ते मी सांगायचो. नवव्या मजल्यावर बसून कसला आवाज ऐकणार?

शेवटी सुजितच म्हणाला होता, "बाबा, एक करू. तुम्ही आणि हिंदुकाका दोघंच दोन दिवस सेव्हिलला जाऊन या. नीट गेलात, नीट आलात, तर घराचा विषय मी आयुष्यात परत काढणार नाही. पण काही गडबड झाली, तर घर विकायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. "हिंदुराव असल्यावर कसली गडबड होतीय?"

असा मी सेव्हिलला घर पणाला लावून गेलो होतो.

हॉटेलात सामान टाकलं, खोलीची चावी हिंदुरावाच्या पिशवीत गेली, आणि आम्ही तिथलं मोठं चर्च बघायला निघालो. त्या चर्चला एक उंच मनोरा आहे, हिराल्दा म्हणतात. गंमत म्हणजे आत पायऱ्याच नाहीत. चारी भिंतींच्या कडेनं उताराचा रस्ता वर वर जातो. घोड्यावर बसून वर जाता यावं म्हणून तसा बांधला म्हणे.

"आयला, हा तर कुंभार्ली घाट!" हिंदुराव खुलला. "पायलट, दुसरा गेर टाक. वळणावर हॉर्न."

मी तोंडानं पों केलं. साठी उलटलेली दोन माणसं घाट चढत होती आणि पुढची पोरंपोरी हसत बाजूला होऊन वाट देत होती. फार छान वाटलं मला. वर पोचलो तर सगळं शहर खाली पसरलेलं, पांढऱ्या भिंती, कौलं, आणि पलीकडून नदी. जूनचं ऊन मी म्हणत होतं.

हिंदुराव कठड्याला टेकून नदीकडं बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "औंदा लय पाणी सोडलंय की रं."

"कुठनं?"

"कोयनेतनं. संगमावर देवळाला पाणी लागलं आसंल."

मी हसलो. त्याच्या थापा ऐकत माझी उमर गेली होती. एकदा त्यानं पाटणच्या एका म्हातारीला पटवलं होतं की गाडी पाण्यावर चालते आणि डिझेल फक्त वासाला घालतात. मी म्हटलं, "पाणी लागलं असंल, चल. मला भूक लागलीय." त्याचा एक फोटो काढला आणि आम्ही खाली आलो.

जेवायला एका गल्लीतल्या लहानशा खानावळीत शिरलो. तिथं लोक उभ्यानंच खात होते. गोल पोटाचा मालक गिऱ्हाइकानं काय खाल्लं ते समोरच्या लाकडी फळीवर खडूनं लिहायचा आणि पैसे दिले की फडक्यानं पुसून टाकायचा. हिंदुरावाला ते बेहद्द आवडलं. गुरुवार होता, हिंदुराव दत्ताचा वार पाळतो. छताला टांगलेल्या डुकराच्या तंगड्यांकडं पाठ करून तो उभा राहिला आणि बोटानं दाखवून काहीतरी हिरवं मागवलं.

बशी आली. त्यानं घास घेतला आणि डोळे मोठे केले. "आत्म्या! पालक आणि हरभरं! जिरं घातलंय, लसूण घातलाय. आरं, ही तर आपल्या शालनच्या हातची भाजी!"

शालन म्हणजे त्याची बायको. भाजी खरंच छान होती. बशी संपली. बटाट्याचं जाडजूड आम्लेट आलं, तेही संपलं. मग हिंदुरावानं परत त्या हिरव्याकडं बोट दाखवलं. आवडलं असेल म्हणून मी काही बोललो नाही. बशी आली, त्यानं घास घेतला.

"आत्म्या! पालक आणि हरभरं की रं! जिरं घातलंय बघ."

मला वाटलं, नाटक करतोय. मी पण म्हणालो, "खरं की काय?" मालकसुद्धा हसला.

तिसऱ्यांदा त्यानं बोट दाखवलं तेव्हा मालकानं माझ्याकडं बघितलं. बशी आली. हिंदुरावानं घास तोंडात घातला आणि तेच डोळे, तोच आनंद, अगदी तसाच.

"आत्म्या! आरं, पालक! शालनच्या हातची भाजी रं ही!"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. नाटकी माणूस तिसऱ्यांदा तरी थोडं वेगळं करतो. मी हळूच म्हणालो, "हिंद्या, ही तिसरी बशी हाय."

तो थांबला. फळीवर खडूनं एकाखाली एक तीनदा तेच अक्षर लिहिलं होतं. त्यानं ते बघितलं, माझ्याकडं बघितलं. एक क्षण त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. खंबाटकीत ब्रेक गेला होता तेव्हासुद्धा हा माणूस मागं उभा राहून पब्लिकला हसवत होता.

"गंमत केली तुझी," तो म्हणाला. "लगीच तोंड पडलं बघा ड्रायव्हरचं."

तेवढ्यात फोन वाजला. सुजित. व्हिडिओ कॉल.

"काय बाबा, ठीक आहे ना सगळं?"

मी तोंड उघडायच्या आत हिंदुरावानं फोन ओढून घेतला. "सुजितराव, तुमचा बाप हितं पालकाच्या भाजीवर तुटून पडलाय! मनोरा चढलो, चर्च बघितलं, आता नदीला जातोय. तू काळजी करू नको, मी हाय." मग त्यानं मालकालाही फोनसमोर ओढलं, खडू दाखवला, छताच्या तंगड्या दाखवल्या. सुजित पोट धरून हसत होता.

"हिंदुकाका, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे बघा," तो म्हणाला.

फोन माझ्या हातात आला. "मस्त चाललंय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? एकीकडं माझं घर, एकीकडं हा माणूस, आणि मधे मी.

बाहेर आलो तर दुपार अंगावर आली. तिथं दुपारी सगळं शहर दारं लावून झोपतं. दुकानांची शटरं खाली, खिडक्यांना पडदे, रस्त्यात चिटपाखरू नाही. मी म्हणालो, "आधी हॉटेलवर जाऊ. जरा पडू."

"चल की. माझ्या मागनं ये."

तो पुढं, मी मागं. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना लागतील. एक गल्ली दुसरीत शिरायची, दुसरी तिसरीत, आणि शेवटी संत्र्याची झाडं असलेला एक चौक यायचा. हिंदुराव झपाझप चालत होता, वळताना जराही विचार करत नव्हता. पुन्हा संत्र्याची झाडं आली. मला वाटलं, असतील दोन चौक सारखे. तिसऱ्यांदा आली तेव्हा त्याच बाकड्यावर तेच मांजर झोपलेलं.

"हिंदुराव, थांब. हॉटेलच्या पत्त्याचा कागद दे."

"कशाला?"

"कुणालातरी दाखवू. विचारू."

"मला रस्ता म्हाईत हाय."

"बरं, पासपोर्ट तरी दे माझा. पिशवी दे इकडं."

मी पिशवीला हात लावला मात्र, त्यानं ती छातीशी धरली आणि मला ढकललं. खरंच ढकललं. माझी पाठ भिंतीवर आपटली.

"कंडक्टरची पिशवी ड्रायव्हरच्या हातात? डोकं फिरलं का तुझं? डेपोत जमा करायची हाय ही. पिशवी सोडली तर माझी नोकरी जाईल!"

"कुठला डेपो, हिंद्या? आपण रिटायर होऊन जमाना झाला. आपण स्पेनमध्ये आहोत!"

मी ओरडलो. वरची एक खिडकी उघडली आणि कुणीतरी शुक् केलं. घामानं सदरा अंगाला चिकटला होता. दोन्ही बाजूंनी भिंती, भाषा येत नाही, खिशात फोन आणि चिल्लर, आणि समोर माझा जिवाभावाचा माणूस मला चोर समजून पिशवी आवळून उभा. अशी कोंडी माझ्या वैऱ्यावरही येऊ नये.

मग तो हळूच बाकड्यावर बसला. मांजराला सरकवलं नाही, कडेला टेकला. बोलला तेव्हा आवाज अगदी नेहमीचा होता.

"आत्म्या, मला कवाकवा कळंना झालंय."

मी शेजारी बसलो.

"हिकडं यायच्या आधी गल्लीतनं घर घावंना. माझंच घर. दोनदा दारावरनं गेलो म्हणं. शालनला म्हटलं, पान खायला थांबलो हुतो." तो पिशवीच्या बंदाशी चाळा करत होता. "तू कुणाला सांगू नको."

"आरं, डॉक्टरला दाखवू. औषधं असतात."

"दाखवू की. पण पोरांना नको. तुझ्या सुजितला तर बिलकुल नको, तो लगीच माझ्या पोरांना फोन लावतोय. आमच्या थोरल्या चुलत्याला असंच झालं हुतं, तुला ठाव न्हाई. मागच्या खोलीत ठेवलं आणि भायेरनं कडी. मी ताट घेऊन जायचो. दाराच्या फटीतनं बोटं काढून बसायचा म्हातारा. मला कडी नको, आत्म्या. शपथ घे."

काय करणार होतो मी? घेतली शपथ, कुसुमची.

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. सुजित विचारत होता, रात्री जेवायला कुठं जाणार, तो टेबल सांगून ठेवतो. आवाज फुटू नये म्हणून मी चार पावलं लांब गेलो, भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणालो, "तुला योग्य वाटेल तिथं सांग रे बाबा. आम्ही काय, कुठंही खाऊ." तो मेनू वाचून दाखवायला लागला. पुरा मेनू वाचला त्यानं. मी हो हो करत राहिलो.

वळून बघितलं तर बाकड्यावर नुसतं मांजर.

"हिंदुराव!"

चार गल्ल्या त्या चौकातून फुटत होत्या. एकीत धावलो, परत आलो, दुसरीत धावलो. हाका मारून घसा सुकला. मागं वळून न बघायची माझी सवय, ती त्या दुपारी माझ्या उरावर बसली. त्याच्याजवळ दोघांचे पासपोर्ट, आणि त्याच्याजवळ ना भाषा ना फोन. या उन्हात कुठं पडला तर कुणाला कळणार? गाडीखाली आला तर?

फोन काढला. सुजितला एक शब्द सांगितला की पोलीस येतील, शोध लागेल. पण तो शब्द सांगितला की माझं घर गेलं, शपथ मोडली, आणि हिंदुरावाच्या दाराला कडी. पण मी कुठं फार विचार केला? माणूस जगला तर कडीचं बघता येईल. फोन लावला. वाजत राहिला. मीटिंगमध्ये असावा, उचलला नाही.

मग मात्र मी भिंतीला टेकून स्वतःला म्हणालो, आत्माराम, रडू नको, डोकं चालव. कंडक्टर पिशवी घेऊन कुठं जाईल? गाडीकडं.

एका दारात एक बाई कुंड्यांना पाणी घालत होती. तिला मनोऱ्यावरचा फोटो दाखवला आणि म्हणालो, "बस? बस?" तिनं फोटो बघितला, हात लांब केला आणि म्हणाली, "आउतोबूस." तिनं दाखवलेल्या बाजूला मी पळत सुटलो. गुडघे बोंबलत होते. गल्ली संपली आणि एकदम रुंद रस्ता आला, झाडं आली, वारा आला.

स्टॉपवर लाल रंगाची बस उभी होती. पुढं ड्रायव्हर खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभा. आत लोक घड्याळं बघत होते, काही हसत होते. आणि मागच्या दारात, एक पाय आत एक पाय बाहेर, पिशवी पोटाशी धरून आमचे हिंदुराव थोरवडे. एक पोलीस बाई त्याला दंडाला धरून खाली ओढत होती.

"हात लावायचा न्हाई! सरकारी पिशवी हाय! आणि पुढं सरका की हो मंडळी, आत मोकळी जागा हाय. गाडी सुटणार न्हाई. ड्रायव्हर आल्याशिवाय मी घंटी देणार न्हाई म्हणजे न्हाई!"

मी जवळ गेलो. दम लागला होता, बोलता येईना.

"माझा ड्रायव्हर हरवलाय!" हिंदुराव त्या पोलीस बाईला मराठीत सांगत होता, आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. "हितं बाकड्यावर बसला हुता. वळून बघतोय तर न्हाई. ह्यो दुसरा माणूस आणून बसवलाय तुमी गाडीवर, ह्यो माझा ड्रायव्हर न्हाई. त्याला घेतल्याबिगर मी गाडी हलू देणार न्हाई."

"हिंद्या," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग दारातून उतरला आणि मला एक सणसणीत चापट मारली.

"कुठं उलथला हुतास? तुझ्यापायी गाडी लेट केली मी! सगळ्या गावभर हुडकला तुला!"

आणि तसाच माझ्या गळ्यात पडला. मीही रडलो, त्यात काय लपवायचं. बसमधल्या कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. दार लागलं, गाडी निघून गेली.

पोलीस बाई भली होती. आम्हाला झाडाखालच्या बाकावर बसवलं, पाण्याच्या बाटल्या आणल्या. पासपोर्ट मागितले तेव्हा हिंदुरावानं आपण होऊन पिशवी उघडून दिले. तेवढ्यात माझा फोन वाजला. सुजितनं माझा कॉल बघितला असणार. मी घ्यायच्या आत बाईनं हात पुढं केला, "फामिलिया?" आणि फोन घेतला. सुजितला बऱ्यापैकी स्पॅनिश येत होतं. ती दोन मिनिटं बोलली, दोन बोटं दाखवली, एक बोट दाखवलं, स्टॉपकडं हात केला आणि फोन माझ्या हातात दिला.

"बाबा!" सुजितचा आवाज कापत होता. "पोलीस? ती म्हणते दोघांतला एक जण हरवला होता, दुसरा रडत होता. ती काय म्हणतेय? कोण हरवलं होतं?"

हिंदुराव माझ्या शेजारीच होता. त्याला ऐकू जात होतं. त्यानं माझ्या सदऱ्याची बाही मुठीत धरली होती, बाजारात लहान पोरं धरतात तशी. आता त्याला सगळं उमगलं होतं. आपण कुठं आहोत, काय केलं, सगळं. तो माझ्याकडं बघत नव्हता. समोर रस्त्याकडं बघत होता, आणि त्याच्या ओठांच्या हालचालीवरून मला दिसत होतं की तो दत्ताचं नाव घेतोय.

"बाबा, बोला ना. कोण?"

ओट्यावरचा सकाळचा चहा मला दिसला. कुसुमचा फोटो दिसला. खोटं कशाला बोलू, फार जड गेलं.

"मी," मी म्हणालो.

"काय?"

"मी रे. गल्लीत चुकलो. काही सुचेना. हिंदुरावानं शोधला मला. पोलिसांना घेऊन गाडी अडवून बसला होता माझ्यासाठी."

मग सुजित हळूच म्हणाला, "हिंदुकाकांना द्या फोन." मी दिला. पोरगं काय बोललं मला ऐकू आलं नाही. हिंदुराव नुसता "व्हय, व्हय" करत होता. फोन परत देताना त्यानं माझी बाही सोडली.

त्याच संध्याकाळी सुजित गाडी पकडून सेव्हिलला आला. परतीच्या वाटेत त्यानं मला एकदा म्हटलं, "बाबा, आपलं ठरलं होतं." मी म्हणालो, "ठरलं होतं ते ठरलं होतं. मी शब्द फिरवणार नाही."

कराडला आल्यावर शालनवहिनींना मी एकटं गाठून सांगितलं. कुणालाच न सांगून चाललं नसतं. त्या दळण निवडत होत्या, हात थांबला नाही.

"मला ठावं हाय, भावजी," त्या म्हणाल्या. "वर्ष झालं."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांच्याकडं आजारी माणूस म्हणून बघितलं असतं. एकदा तरी त्यांना हुंदडू दे म्हटलं, जसं हुंदडायचे तसं. पोरांचं मी बघती. कडी मी घालू देणार न्हाई."

आणि त्या बाईनं आजपर्यंत घालू दिलेली नाही.

माझं घर त्याच वर्षी दसऱ्याच्या आधी विकलं. घेणाऱ्यानं ओटा फोडून पुढं दुकानाचा गाळा काढला. मी पुण्याला नवव्या मजल्यावर आलो. सून चांगली आहे, नातू चांगला आहे. खोलीत एसी आहे. सगळे माझी फार काळजी घेतात. खाली एकटं जायचं नाही, कारण मी हरवतो.

हिंदुराव मात्र त्यानंतर जो भेटेल त्याला सांगायचा, "ह्यो आत्माराम स्पेनला हरवला हुता, मी हुडकला!" लग्नात, बारशात, डेपोतल्या जुन्या मंडळींसमोर. लोक माझी फिरकी घ्यायचे. सुरुवातीला तो सांगताना माझ्याकडं चोरून बघायचा. पुढं पुढं चोरून बघणंही थांबलं. एक एक गोष्ट त्याच्यातून उतरत गेली. डेपो गेला, रस्त्यांची नावं गेली, थोरल्या पोराचं नाव गेलं.

गेल्या महिन्यात सुजित मला गाडीनं कराडला घेऊन गेला. हिंदुराव दारात खुर्ची टाकून बसला होता. दाढी केलेली, सदरा स्वच्छ. मी समोर बसलो. त्यानं हात जोडले.

"कुठलं पाव्हणं?"

"पुण्याचा," मी म्हणालो.

"आमचा ड्रायव्हर हाय पुण्याला. आत्माराम शेडगे. वळखता का?"

सुजित माझ्या मागं उभा होता. मी म्हणालो, "नाही. कसा माणूस आहे?"

"लाख माणूस. परदेशात हरवला हुता." हिंदुराव पुढं झुकला, कुणी ऐकत नाही ना बघितलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? हरवला मी हुतो. त्यानं सोताच्या अंगावर घेतलं. घर गेलं बघा त्याचं त्यापायी. कुणाला सांगू नका, मी शपथ घातलीय त्याला."

सुजितचा हात माझ्या खांद्यावर आला. मी मागं बघितलं नाही.

"नाही सांगत," मी म्हणालो.

"सांगू नका." हिंदुराव मागं टेकला आणि रस्त्याकडं बघायला लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "माणूस लाख हाय. पण येत न्हाई हो कधी भेटायला."